राजा गेला, रुपया राहिला

२०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाचं नाणं निघालं. ७५ रुपयांचं, ३५ ग्रॅम वजनाचं, निम्मी चांदी. ते खिशात टाकून कोणी वडापाव खायला जात नाही. ते कपाटात ठेवायचं नाणं.

मला त्याहून १९४७ चा निकेलचा साधा रुपया जास्त बोलका वाटतो. एका बाजूला सहावा जॉर्ज, भोवती इंग्रजीत ‘किंग एम्परर’. दुसऱ्या बाजूला वाघ आणि खाली साल १९४७. म्हणजे ज्या साली देश स्वतंत्र झाला, त्याच सालाच्या नाण्यावर राजा! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं होतं.

पण १९४७ ते १९५० या काळातल्या नाण्यांना रिझर्व्ह बँक ‘फ्रोझन सिरीज’ म्हणते, हे वाचलं आणि हसू थांबलं. हा तर आमचा शब्द. मोठ्या रिलीजच्या आधी आमच्याकडे कोड फ्रीझ असतो. सगळं हलत असताना जे नीट चाललंय, त्याला हात लावायचा नाही. तेव्हा तर अख्खा देश हलत होता. फाळणी झाली होती, माणसं घरदार सोडून येत होती. जून १९४८ पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँकही आपली रिझर्व्ह बँकच होती. अशा वेळी पदराला बांधून आणलेला रुपया बाजारात चालणं महत्त्वाचं होतं. त्यावर चेहरा कोणाचा, हा प्रश्न थांबू शकत होता.

तो थांबला १५ ऑगस्ट १९५० पर्यंत. मग रुपयावर राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, वाघाच्या जागी धान्याची कणसं. हिशेब मात्र तोच राहिला: सोळा आणे, १९२ पै. शंभर नव्या पैशांचा रुपया आला १ एप्रिल १९५७ ला. आधी फक्त स्क्रीन बदलली, आतलं गणित सात वर्षांनी.

माझ्या पिढीने पैसा बदलताना पाहिला तो ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री. मी इंजिनिअरिंगला होतो. दुसऱ्या दिवशी मेसवाल्या काकू पाचशेची नोट हातात धरून विचारत होत्या, “आता याचं काय करू रे?” त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

१९४७ मध्ये निदान हा प्रश्न तरी कोणावर आला नाही. गेलेल्या राजाचा चेहरा तीन वर्षं सहन केला गेला, पण कोणाच्या गाठीचा रुपया खोटा ठरला नाही. स्वातंत्र्याचं यापेक्षा चांगलं स्मारक नाणं मला तरी माहीत नाही.