कोर्लईची घरभाषा



बँकेतील नोकरीच्या आरंभी माझी नेमणूक रायगड जिल्ह्यात झाली होती. जुन्या मोंढ्यातील व्यापारी घरात वाढलेल्या मला समुद्राचे पहिले दर्शन तेथेच घडले. होड्यांसाठी दिलेल्या कर्जांच्या पाहणीकरिता रेवदंड्यापलीकडील कोर्लई गावी मला वरचेवर जावे लागे. एके दिवशी एका ओसरीवर दोन वृद्ध स्त्रिया बोलत बसल्या होत्या. त्यांची भाषा मराठी नव्हती आणि कोंकणीही नव्हती. मी चौकशी केली तेव्हा त्यांतील एक स्वच्छ मराठीत म्हणाली, "साहेब, ही आमची घरातली बोली." या बोलीला तेथील लोक 'नौ लिंग' म्हणतात. त्याचा अर्थच 'आमची भाषा'. गेल्या हिवाळ्यात सौभाग्यवती व नातवासह मी पुन्हा तेथे जाऊन आलो.

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तेथे उत्तरेस रेवदंडा व दक्षिणेस कोर्लई आहे. जवळच प्राचीन चौल बंदर. ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' ग्रंथात आणि टॉलेमीच्या भूगोलात या बंदराचा उल्लेख आढळतो. त्याच 'पेरिप्लस'मध्ये आपल्या पैठणचेही नाव आहे. पुढे ज्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपले आजचे शहर, वसविले, त्याच निजामशाहीचे चौल हे समुद्रावरील दार होते. पंधराव्या शतकात रशियातील त्वेर नगराचा व्यापारी अफानासी निकितीन विक्रीसाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. एका घोड्यावर भांडवल लावून एवढे अंतर तोडणाऱ्या या माणसाविषयी व्यापारी वाचकांना आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंड्यास किल्ला बांधावयास घेतला आणि १५९४ मध्ये कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. १७४० मध्ये ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. अधिकारी व सैनिक निघून गेले. मागे राहिली ती डोंगराच्या पायथ्याची गरीब ख्रिस्ती कुटुंबे. खाली कोळीवाड्यात मासेमारी चालत असे आणि ही कुटुंबे शेती करून राहत. राज्य गेले, दरबार गेला, त्या भाषेत अर्ज करावा असे कार्यालयही उरले नाही. तरी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ही बोली टिकली, ती केवळ घरात बोलली गेली म्हणून. आज ती बोलणारे जेमतेम हजारभर असतील. तिचे शब्द मुख्यतः पोर्तुगीज आहेत. वाक्याची घडण मात्र मराठीसारखी आहे, क्रियापद शेवटी येते. उलट आपणही 'पगार' आणि 'चावी' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडूनच घेतले. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याचे या दोन शब्दांवाचून एक दिवसही भागले नसते!

किल्ला चढण्यास सकाळची वेळ उत्तम. तो डोंगराच्या अरुंद धारेवर लांबट पसरला आहे आणि आडव्या भिंतींनी त्याचे भाग पाडले आहेत. एकामागून एक दरवाजे ओलांडीत पुढे जावे लागते. वर प्रार्थनामंदिराचे भग्न अवशेष आहेत, तर डोंगराच्या उतारावर दीपगृह आहे. तीन बाजूंना समुद्र, समोर रेवदंड्याची तटबंदी आणि खाडीत परतणाऱ्या होड्या असे दृश्य दिसते. परतताना चौलचे रामेश्वर मंदिर व त्यापुढील पुष्करणी अवश्य पाहावी. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी डबा सोबत न्यावा, म्हणजे धावपळ होत नाही.

किल्ला उतरून गावातून जाताना एक आजी आपल्या नातीला काहीतरी सांगत होती. शब्द तेच, पूर्वी ऐकलेले. मी नातवाला त्या बोलीची हकीकत सांगितली. त्याने सहज विचारले, "मग आजोबा, आपली घरातली भाषा कोणती?"

मला उत्तर देता येईना. माझे आईवडील घरात मारवाडी बोलत. मी त्यांच्याशी मारवाडी बोललो, मुलांशी मराठी बोललो आणि मुले नातवंडांशी अधिक करून इंग्रजी बोलतात. यात कोणी कोणावर सक्ती केली नाही. मराठीने आम्हांला शिक्षण दिले, नोकरी दिली, शेजार दिला. तिच्याविषयी माझी तक्रार असूच शकत नाही. परंतु आईची भाषा पुढे देणे माझ्या हाती होते, आणि 'मुलांना शाळेत अडचण नको' एवढ्या कारणावर मी ते सोडून दिले. कोर्लईच्या त्या कुटुंबांजवळ माझ्याइतकी साधने कधीच नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगताना संकोच वाटतो. वडिलांच्या दुकानाच्या वह्या लाल कापडात बांधलेल्या अजून घरी आहेत. त्या महाजनी लिपीत आहेत. एम. कॉम. होऊन मी जन्मभर इतरांची खाती तपासली, पण वडिलांचे खाते मला वाचता येत नाही.

प्रवासाहून परतल्यावर मी त्या वह्या सोडल्या. मोंढ्यातील एक वृद्ध मुनीमजी ही लिपी जाणतात. दर रविवारी दुपारी मी नातवाला घेऊन त्यांच्याकडे जातो. ते मारवाडीत वाचून दाखवितात, मी अर्थ सांगतो आणि नातू लिहून घेतो. आतापर्यंत पहिली चार पाने लागली आहेत. बाकी अजून पुष्कळ आहे.