संग्रह मोडताना

नाण्यांचा संग्राहक गेला की तेराव्याच्या मागेपुढे घरी दोन माणसं येतात. एक ओळखीचा सराफ, दुसरा ओळख काढून आलेला व्यापारी. सराफ काटा घेऊन येतो. व्यापाऱ्याकडे भिंग असतं, पण ते तो खिशातून बाहेर काढत नाही. माझ्या ट्रेमधली कितीतरी नाणी अशाच घरांतून बाजारात आलेली आहेत, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

सराफाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या लेखी राणीछाप रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि ते खरंच आहे. पण १८६२चा रुपया घ्या. टांकसाळींनी पुढे १८७४पर्यंत रुपयावर तेच एक साल ठेवलं, त्यामुळे त्याची जात ओळखायची ती बारीक ठिपक्यांवरून. एक ठिपका इकडे की तिकडे, यावर भाव कुठल्या कुठे जातो. किंवा सहाव्या जॉर्जचे दोन रुपये शेजारी ठेवा, १९३९ आणि १९४०. आकार तोच, वजन तेच. पहिल्यात चांदी जवळजवळ ९२ टक्के, दुसऱ्यात निम्मी. पहिला सहजी मिळत नाही, दुसरा पोत्याने मिळतो. काट्यावर दोघे सारखेच.

म्हणून माझं मत आता ठाम झालंय. ज्याने संग्रह जमवला त्यानेच तो मोडावा, डोळे आणि डोकं शाबूत असताना. ‘माझ्यामागे सगळं जसंच्या तसं सांभाळा’ असं सांगणाऱ्यात मुलांच्या प्रेमापेक्षा स्वतःचं कौतुक जास्त असतं. मुलगा कपाट सांभाळेल, दर दिवाळीला किल्ली कुठे ठेवलीय ते आठवेल, आणि त्याच्या मुलाला ते कपाट अडगळ वाटेल.

मोडायचं म्हणजे विकूनच टाकायचं असं नाही. आधी लिहायचं. प्रत्येक नाण्याच्या पाकिटात चिठ्ठी: काय आहे, कुठून आलं, कधी, कितीला. शेवटच्या रकान्याशी हात अडखळतो, कारण ती चिठ्ठी बायकोही वाचणार. तरी खरा आकडा लिहावा. नकली नाण्यांवर ‘नकली’ असं लाल शाईत लिहावं. शिवकालीन होनाची ओतीव नक्कल माझ्याकडे आहे, अभ्यासाला म्हणून मुद्दाम घेतलेली. चिठ्ठी नसती तर त्या एका तुकड्यावरून माझ्यामागे भावाबहिणीत वितुष्ट आलं असतं.

दुसरी गोष्ट, देवघरातले रुपये संग्रहात धरू नयेत. ते घराचे. वर्षानुवर्षं लक्ष्मीपूजनाला धुतलेले, हळदीकुंकू लागलेले, त्यावरची राणी गुळगुळीत झालेली. घरच्यांना नेमके तेच मौल्यवान वाटतात कारण ते चकाकतात. आणि काळी पडलेली शिवराई दिसली की कोणीतरी मायेने चिंच घेऊन बसतं. तांब्यावर दीडदोनशे वर्षांत चढलेली छटा पाच मिनिटांत जाते आणि पुन्हा येत नाही. माझ्या शिवरायांच्या डब्यावर ‘घासू नये’ एवढंच मोठ्या अक्षरांत लिहिलंय. स्वस्त प्लास्टिकचे अल्बमही मी फेकून दिले. काही वर्षांनी त्यांतून हिरवट, चिकट असं काहीतरी पाझरतं आणि नाणं खातं.

मग कोणाला काय द्यायचं? इथे लोक वाटणी करतात, जमिनीसारखी: निम्मी याला, निम्मी तिला. माझ्या बाबतीत निम्मा निकाल कायद्यानेच लावला. मुलगा न्यू जर्सीत. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे राणी व्हिक्टोरिया अमेरिकेला जाणार नाही, सातवा एडवर्डही नाही. पाचव्या जॉर्जची मोठी रांग ती रेषा ओलांडून गेली, उरलेली दरवर्षी एकेक पाऊल तिकडे सरकते. बॅगेत दोनचारच तर आहेत, कोण बघतंय, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, नाणीही देत नाही.

तिकडच्या नातवाला त्याचं वाईटही वाटलं नाही. त्याच्याकडे पन्नास राज्यांच्या पाव डॉलरांचा पुठ्ठा आहे, १९९९ ते २००८च्या मालिकेचा, आणि त्यातली रिकामी भोकं भरणं हा त्याचा ध्यास. ‘आबा, कड बघायची,’ त्याने मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. १९६४पर्यंतच्या पाव डॉलरची कड सबंध पांढरी, कारण तो ९० टक्के चांदीचा. नंतरच्याच्या कडेला तांब्याची रेघ दिसते. त्याला मी पुढच्या खेपेला १९४७चा वाघाचा रुपया देणार आहे. तो निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. दहा वर्षांच्या मुलाला रुपया चुंबकाला लटकलेला दाखवला की पुढचं व्याख्यान लागत नाही. २०४७ उजाडायच्या आत तो सुखरूप तिकडे पोचायला हवा.

नाशिकची नात वेगळी. तिला मी संग्रह दाखवलाच नाही, आधी सुटे पैसे दिले. सालाखाली बघ, म्हटलं: चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. भाजीवाल्याच्या गल्ल्यातून चारही जमवायला तिला फार दिवस लागले, कारण आता भाजीवाल्याकडे गल्ला नसतो, पाटीवर चिकटवलेला क्यूआर कोड असतो. माझ्या लहानपणी पंचवीस पैशांत जे मिळायचं ते आता मिळणार नाही, तो भाग सोडा. पण २०११मध्ये पावली चलनातूनच गेली, आणि तिच्यासाठी पावली ही शिवराईइतकीच जुनी.

नंतर तिला अंजनेरीला नेलं. तिथे नाणकशास्त्राची संस्था आहे, १९८०पासूनची. नाशिकजवळच्याच जोगळटेंबीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले शिक्के मारलेले होते. जुनी नाणी वितळवायची तसदी त्याने घेतली नाही. नहपानाच्या नाकावरच आपली खूण उमटवली आणि नाणं पुन्हा बाजारात धाडलं. ‘मग हे कोणाचं नाणं?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ज्याचं चालतं त्याचं. तिला उत्तर पटलं नाही. दोघांची नावं लिहायला हवीत म्हणाली. चिठ्ठ्या कशा लिहाव्यात हे तिला कळतं हे मला तेव्हा समजलं.

शिवराया तिच्या. तांब्याचा ठोकळा लहान आणि शिक्का मोठा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि मागचं ‘छत्रपति’ क्वचितच पूर्ण उमटतं. एकीवर ‘राजा’, दुसरीवर नुसता ‘पति’. ती चार नाणी मांडून एक नाव जुळवते. चांदवडी आणि अंकुशी रुपये मात्र विकायचे ठरवलेत. ते दोन्ही मुलांना नकोत, आणि मला त्यांचे घेणारे माहीत आहेत, मुलांना माहीत नाहीत. येणाऱ्या पैशाची वाटणी सोपी आहे. पुढच्या रविवारी व्यापारी येतोय. नात शेजारी बसणार आहे, आणि भिंग तिच्याकडे असेल. भाव पहिल्यांदा त्याने सांगायचा, आपण नाही, एवढं मी तिला बजावून ठेवलंय.