आवाज कधी येतो?

१९९०च्या आसपास इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत रविवारची सकाळ घरापुढच्या बॉनेटखाली जायची. मोटार कारखान्यांत काम केलेली माणसं गल्लोगल्ली होती आणि सुटीच्या दिवशीही हाताला ग्रीस लागल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मी पुण्याहून तिकडे नोकरीला गेलो आणि काही वर्षांनी एक जुनी एमजीबी जीटी घेतली. आधीच्या मालकाने तिचं मूळचं चार सिलिंडरचं इंजिन काढून रोव्हरचं व्ही-८ बसवलं होतं.

हा उद्योग तिथे नवा नव्हता. एमजीबी १९६२ साली आली, तिचं इंजिन १७९८ सीसीचं. आपल्या अँबेसिडरला वर्षानुवर्षं ओढणारं १४८९ सीसीचं इंजिनही त्याच बी-सिरीज घराण्यातलं. रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ मुळात अमेरिकेतल्या ब्युइकचं. ते ॲल्युमिनियमचं, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजनाला बिडाच्या जुन्या इंजिनाच्या आसपासच भरायचं. केन कॉस्टेलो यांनी अशा गाड्या तयार करून विकायला सुरुवात केली, मग १९७३मध्ये कंपनीने स्वतःच एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली आणि १९७६पर्यंत २,५९१ गाड्या बनवल्या. बाकी कितीतरी गाड्यांची इंजिनं हौशी मंडळींनी आपापल्या गॅरेजात बदलली.

घरी इंजिन बदललेल्या गाडीत आवाज हा पाहुणा ठरलेलाच. माझ्या गाडीत इंजिन एका गाडीचं, पाच गिअरचा गिअरबॉक्स दुसरीचा, मागचा ॲक्सल तिसरीचा आणि प्रोपेलर शाफ्ट कापून, मापाला जोडून घेतलेला. ताशी ५५ मैलांच्या पुढे गेलं की पायाखालून घुमल्यासारखा आवाज यायचा आणि आरसा थरथरायचा.

शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आजोबा राहायचे. आवाज कुठून येतो हे ते कधीच आधी विचारायचे नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, कधी येतो? गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. क्लच दाबल्यावरच सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर. वळणावर आवाज बदलला तर चाकाचं बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबला की रडणं आणि सोडला की सूर बदलणं, म्हणजे डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन. निघताना ‘टक्’ झालं तर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) बघायचे. त्यांच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया गंजल्या म्हणून समजायचं. वेग पकडून मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची. इंजिनाचे फेरे उतरले तरी आवाज टिकला, तर इंजिन सुटलं. शोध शाफ्ट, ॲक्सल आणि टायरपुरता उरला.

त्यासाठी लागणारं सामान कुणाच्याही घरात सापडायचं: कानाला लावायला लांब स्क्रू ड्रायव्हर, बागेच्या नळीचा तुकडा, खडू, गाडी दुरुस्तीचं हेन्सचं काळं पडलेलं पुस्तक. मी गाडी चालवायचो आणि आजोबा मागच्या चिमुकल्या सीटवर अंग मुडपून, कान मधल्या उंचवट्याला लावून बसायचे. शाफ्टचा तोल बघायला त्यावर खडूने खुणा करून दोन पाइप क्लिपा आवळल्या. त्या जागा बदलून फिरवून बघितल्या, तरी थरथर तशीच. म्हणजे तोल ठीक होता. मग ओळंबा आणि कोनमापक निघाले.

क्रॉसचा स्वभाव त्या दिवशी मला नीट कळला. कोनात फिरणारा क्रॉस शाफ्टला प्रत्येक फेरीत दोनदा पुढे ढकलतो आणि दोनदा मागे खेचतो. मागच्या टोकाचा दुसरा क्रॉस ही खेच पुसून टाकतो, पण दोन्हीकडचा कोन सारखा असेल तरच. आमच्या गाडीत गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकली होती. माउंटिंगखाली पट्ट्या घालून ती उचलली आणि आवाज गेला.

आज हेच काम किती सोपं झालंय! गाडी अजून माझ्याकडेच आहे आणि आता ती जास्त करून माझी मुलगी चालवते. गिअरबॉक्सला, ॲक्सलला, बॉडीला छोटे बिनतारी मायक्रोफोन चिकटवले की हेडफोनमध्ये एकेक जागा वेगळी ऐकू येते. लोहचुंबकाने चिकटणारं डिजिटल कोनमापक अंशाचा दहावा भाग दाखवतं. फोनवरचं ॲप आवाजात सेकंदाला किती कंपनं आहेत, याचा आलेख मांडतं. ताशी ६० मैलांना आमचं चाक सेकंदाला साधारण १४ फेरे घेतं. ॲक्सल ३.०७चा, म्हणून शाफ्टचे फेरे ४३ आणि क्रॉसची थरथर त्याच्या दुप्पट, ८६. आलेखात उंचवटा १४ला दिसला तर चाक-टायर, ४३ला दिसला तर शाफ्टचा तोल, ८६ला दिसला तर क्रॉस किंवा कोन. जिथे आमचे कित्येक रविवार गेले, तिथे एक संध्याकाळ पुरते. कान थकतो, वयाने मंद होतो, मनाला हवं ते ऐकतो. ॲपचं तसं होत नाही. या सोयीचा मला मनापासून आनंद आहे.

पण गल्ली सुनी झाली. पूर्वी आवाज शोधायला दोन माणसं लागायचीच. एकाने चालवायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि परतल्यावर चहा पिता पिता दोघांनी वाद घालायचा. त्या वादात मी गाडी शिकलो. आता एकट्याने सगळं होतं, म्हणून शेजाऱ्याला हाक मारली जात नाही आणि शिकवणाराही मिळत नाही.

ॲपला विचारायचं काय, हे तर अजून माणसालाच ठरवावं लागतं. एमजीबीत व्ही-८चे एक्झॉस्ट पाइप दाटीवाटीने बसतात. रबरी माउंटिंगवर इंजिन डोललं की पाइप बॉडीला टेकतो आणि आवाज थेट शाफ्टसारखा येतो. ‘फक्त डाव्या वळणावर, जोर लावतानाच’ हे कुणीतरी नेमकं टिपलं, तरच पाइपकडे हात जातो. मुलीने मागे एकदा असाच पाइप पकडला, कारण मायक्रोफोन लावण्याआधी तिने आजोबांचाच प्रश्न विचारला होता.

आजोबा आता नाहीत. त्यांची प्रश्नांची पद्धत मात्र कुठल्याही गाडीला चालते, पद्मिनीला आणि जीपलासुद्धा. तुमच्या गाडीत आवाज आला तर ॲप जरूर वापरा, पण पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर शिकू पाहणाऱ्या एखाद्या पोराला किंवा पोरीला बसवा, आणि उत्तर सांगण्याआधी त्यांनाच विचारा, आवाज कधी येतो?