माझ्या वाट्याचे काम

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी गटात काम केले आहे का? मग माझी ही आठवण ऐका.

२००६ साली मी महाविद्यालयात माध्यमांचा अभ्यास करत होतो. आम्हां चौघांना मिळून एक छोटा माहितीपट तयार करायचा होता. भिवंडीचे यंत्रमाग कामगार हा विषय आम्ही निवडला. आवाजाची जबाबदारी माझ्याकडे होती.

एक चाचा माग चालू ठेवूनच आमच्याशी बोलले. विणलेल्या मीटरवर त्यांची मजुरी ठरत असे; माग थांबवणे त्यांना परवडणारे नव्हते. नंतर पाहतो तर काय! खडखडाटात त्यांचा एक शब्दही ऐकू येईना. गोंगाटातही आपले कान हवा तो आवाज निवडतात. माइक मात्र सगळेच टिपतो. मी हेडफोन लावून ऐकलेच नव्हते. तो भाग आम्हांला गाळावा लागला.

शेवटी प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या कामाचे मूल्यमापन करायचे होते. मी म्हणालो, "मागांचा आवाज फार होता." नंतर आमची मैत्रीण म्हणाली, "मी आवाज तपासण्याची आठवण करायला हवी होती." चूक माझी आणि दोष तिने घेतला! मी ओशाळलो. माझे बोलणे मी पुन्हा चित्रित करायला लावले आणि खरे ते सांगितले.

मग आम्ही चाचांची माफी मागितली. ते हसून म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी या. माग बंद असतात."

त्या दिवशी मी आधी हेडफोन लावला.

मित्रांनो, गटाचे काम बिघडले, तर तुम्ही प्रथम कोणाकडे बोट दाखवाल?