आधी ऊब, मग घास

कॉकटिएल किंवा लव्हबर्डचे पिल्लू हाताने भरवताना सकाळी त्याच्या गळ्याखालची पिशवी, म्हणजे क्रॉप, रात्रीच्याच घासाने फुगलेली दिसली की पहिला संशय खाण्यावर जातो. फॉर्म्युल्याचा, म्हणजे पाण्यात कालवून भरवायच्या तयार पिठाचा, ब्रँड बदलला जातो, नाहीतर दुकानदाराने सुचवलेले अँटिबायोटिक सुरू होते. माझे म्हणणे असे की पहिली चौकशी उबेची आणि पाण्याची व्हावी, बाकीची मागाहून. क्रॉप तुंबणे हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. पुढच्या आतड्यांची चाल मंदावली की अन्न मागे साचते, आणि पिल्लाच्या पातळ कातडीतून आपल्याला सहज दिसते ती क्रॉपच. म्हणून सगळा दोष तिच्यावर येतो.

मुळात ती साठवणीची जागा. खरे पचन तिच्या पुढे, आम्ल पाझरणाऱ्या जठरात आणि त्यानंतरच्या दळणाऱ्या पोटात होते. अंगावर पिसे येईपर्यंत पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, ती आईबापांकडून मिळते. आपण पिल्लू उचलून घेतले की ही जबाबदारी ब्रूडरवर, म्हणजे पिल्लांच्या उबदार पेटीवर, येते. नुकत्याच जन्मलेल्या उघड्या पिल्लाला साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस लागते, पिसे फुटू लागली की ते हळूहळू कमी करायचे. ब्रूडर गार पडला, किंवा भरवलेले अन्नच कोमट झाले, की आतड्यांचे आकुंचन मंदावते. थांबलेल्या अन्नातले पाणी शोषले जाते आणि उरलेला चोथा खाली बसतो. बोटाने अगदी हलके चाचपले तर तो कणकेच्या गोळ्यासारखा लागतो आणि चोचीला आंबूस वास येतो. कँडिडा नावाची बुरशी इथे फोफावते. पण ती बहुतेकदा तुंबल्यानंतर येते, आणि नेमके हेच औषधाच्या घाईत विसरले जाते. बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही. उलट त्याने आतले उपयोगी जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पिल्लू चोच उघडून ओरडते आहे, मग त्याला उपाशी कसे ठेवायचे? माया समजते, पण आदल्या घासाची पिशवी रिकामी झालेली नसताना वर ताजा घास घालणे म्हणजे नासलेल्यात चांगले मिसळणे. गार पडलेले पिल्लूही ओरडते. आधी त्याला ऊब द्यावी, आणि चोवीस तासांत एकदा तरी, शक्यतो रात्रीतून, क्रॉप पूर्ण रिकामी होऊ द्यावी. दुसरा आक्षेप आपल्या हवेचा. विदर्भातल्या मे महिन्यात उबेची काय वाण? तिथे खरेच पिल्लू गारठत नाही, पण कोरडे पडते, आणि पाणी आटलेल्या शरीरातही अन्न पुढे सरकत नाही. कातडी लाल, सुरकुतलेली दिसते. तेव्हा ब्रूडर थंड करणे आणि फॉर्म्युला पातळ करणे हाच उपाय. पहिल्या एकदोन दिवसांच्या पिल्लाचे खाणे तर जवळजवळ पाण्यासारखेच हवे.

अन्न गरम असावे म्हणून ते मायक्रोव्हेवमध्ये तापवणे मात्र घातक. वरून कोमट वाटणाऱ्या वाटीत मध्येच कढत भाग राहतो, त्याने क्रॉप भाजते, आणि काही दिवसांनी तिथली कातडी गळून भोकातून अन्न बाहेर येऊ लागते. गरम पाण्यात कालवून, थर्मामीटरने साधारण ३९ ते ४१ अंश पाहूनच सिरिंज भरावी. मनगटावर थेंब टाकून पाहणे पुरेसे नाही.

घरट्यातून पडलेल्या चिमण्या-साळुंक्यांचे दुखणे याहून वेगळे आहे, तिथे खाणे खरेच चुकते. दूध-पोळी किंवा दुधात भिजवलेला पाव आपल्याकडे सर्रास दिला जातो. पण पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना मुख्यतः किडे भरवते. अशा पिल्लाला उबदार खोक्यात ठेवून वन्यजीव बचाव केंद्राकडे सोपवावे. देशी पोपट तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरात ठेवताच येत नाही.

ऊब आणि पाणी दोन्ही नीट करूनही क्रॉप हलत नसेल, तर विषाणू किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. मग पक्ष्यांचे काम करणारा पशुवैद्यच गाठावा. तो नळीने क्रॉप रिकामी करतो. घरी पिल्लाला उलटे धरून पिळले, तर तेच अन्न श्वासनलिकेत जाते आणि पिल्लू गुदमरून मरते.