यंत्राला ट्रॅक्टर दिसत नव्हता

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय येणार, तेव्हा आधीच सगळं लिहून ठेवलेलं बरं.

शाळेच्या चौकात झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर जो पांढरा डबा बसलाय, तो कशाचा, हे बऱ्याच जणांनी विचारलं. कुणी म्हणालं पोलिसांचा, कुणी म्हणालं कारखान्याचा. दोन्ही नाही. तो मी बसवलाय, दुकानमालक आणि मुख्याध्यापकांना विचारून, स्वतःच्या पैशानं.

कारण सगळ्यांना माहीत आहे. गाळप सुरू झालं की आपल्या रस्त्यावर एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब, आणि शाळा सुटायच्या वेळेला पोरं त्यांच्या मधनं सायकली काढतात. गेल्या हंगामात आमच्या गल्लीतला बारावीचा पोरगा अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून धडकला. जीव वाचला, परीक्षा गेली, अजून लंगडतो. त्यानंतर आपण अर्ज दिला, की शाळा भरताना आणि सुटताना एकेक तास ऊसवाहतूक बाहेरच्या रस्त्यानं वळवा. उत्तर आलं की वाहनांच्या संख्येबाबत अर्जात आधार दिलेला नाही. आता अर्जाला पोरांनी वहीत रेघा मारून केलेली मोजणी जोडली होती! ती पानं कुणी उलटली नसावीत.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. म्हटलं, आधार पाहिजे ना, मग यंत्राकडूनच मोजून घेऊ.

रास्पबेरी पाय हा एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर. सगळं एकाच बोर्डावर. इंग्लंडमध्ये पोरांनी कॉम्प्युटर शिकावा म्हणून 2012 मध्ये पहिला निघाला. मी दिवाळीत रास्पबेरी पाय 5 घेतला, 4 जीबीचा. बोर्ड, कॅमेरा, पंखा, कार्ड, पॉवर सप्लाय मिळून अकरा हजारांच्या वर गेले. बायकोला सांगितलेला आकडा वेगळा होता, तो विषय इथं नको.

सुरुवातच अडखळत झाली. कॅमेऱ्यासोबत आलेली पट्टी या बोर्डाला बसत नाही, पाय 5 चं कनेक्टर बारीक आहे. दीडशे रुपयांच्या पट्टीसाठी चार दिवस सगळं टेबलावर पडून. मग वीज. या बोर्डाला 5 व्होल्टला 5 अँपियर लागतात. मी आधी शहाणपणा करून मोबाईलचा चार्जर लावला, तर व्होल्टेज कमी असल्याची सूचना जाईना. वर आपल्याकडची लाईट. दोनदा अचानक गेली आणि दुसऱ्यांदा मेमरी कार्डावरची सिस्टीमच खराब झाली, सगळं पुन्हा टाकावं लागलं. आता दुकानाच्या इन्व्हर्टरवर जोडलंय. उष्णतेचंही तेच. 80 अंशांपुढं चिप गेली की बोर्ड आपला वेग आपणच कमी करतो, आणि बंद डब्यात डिसेंबरच्या दुपारीही ती तिथपर्यंत जात होती. डब्याला भोकं पाडली, आत पंखा घातला.

वस्तू ओळखायला योलो नावाचं मॉडेल घेतलं, त्यातलं सगळ्यात लहान. तयार मिळतं. आधी सेकंदाला जेमतेम दोन चित्रं तपासत होतं. ते एनसीएनएन या हलक्या प्रकारात बदलून घेतल्यावर आठ-नऊवर आलं. रस्त्यावर एक काल्पनिक रेघ ओढायची, वाहन रेघ ओलांडून गेलं की एक आकडा वाढवायचा. एवढंच काम.

पहिल्या दिवशी दुपारी चार ते साडेपाच यंत्रानं अवजड वाहनं मोजली 38. त्याच वेळी माझे दोन विद्यार्थी वही घेऊन कट्ट्यावर बसले होते. त्यांची मोजणी 61.

मला वाटलं पोरांनी गप्पा मारल्या असतील. रात्री रेकॉर्डिंग चालवून बघितलं तर पोरंच बरोबर! एकजण म्हणाला, "सर, ह्याला ट्रॅक्टरच कळत न्हाई." खरंच कळत नव्हता. हे मॉडेल ज्या चित्रसंग्रहावर शिकलंय त्याचं नाव कोको, मायक्रोसॉफ्टच्या पुढाकारानं 2014 मध्ये तयार झालेला. त्यात 80 प्रकारच्या वस्तू आहेत. जिराफ आहे, झेब्रा आहे, बर्फावर घसरायच्या पट्ट्या आहेत, डोनट आहे. ट्रॅक्टर नाही, रिक्षा नाही, बैलगाडी नाही. त्यामुळं कधी ट्रॅक्टर ट्रक ठरायचा, कधी नुसताच निघून जायचा. बैलगाडी म्हणजे दोन गाई. संध्याकाळच्या उजेडात एक उसानं भरलेली ट्रॉली त्याला हत्ती वाटली.

पोरं हसून लोळली. मला मात्र घाम फुटला. मी 38 चा कागद घेऊन कचेरीत जायच्या तयारीत होतो. यंत्राचा आकडा म्हणून तो तिथं कायमचा चिकटला असता, आणि "एवढी काही वाहतूक नाही" म्हणायला आपणच पुरावा दिला असता.

मग आपल्याच रस्त्याची साधारण सहाशे चित्रं घेतली आणि पोरांनी तीन रविवार बसून प्रत्येक चित्रात चौकोन काढले. हा ट्रॅक्टर, ही ट्रॉली, ही बैलगाडी, ही रिक्षा. भाच्याच्या गेमिंग लॅपटॉपवर मॉडेलला पुन्हा शिकवलं, कारण शिकवण्याचं काम या बोर्डाच्या आवाक्यातलं नाही. आता मागच्या सोमवारी त्याच वेळेत यंत्र 57, पोरं 59. धुकं असलं की अजून चुकतं.

याच काळात भाजी विकणाऱ्या मावशींनी मला अडवलं. "व्हय सर, ह्यो आमचं फोटू काढतोय काय वो?" प्रश्न बरोबर होता आणि तो मी आधीच सांगायला हवा होता. चुकलंच. योलो ज्यानं बनवलं त्या जोसेफ रेडमननं लष्करी वापर आणि लोकांच्या खासगीपणाच्या काळजीपोटी 2020 मध्ये या विषयातलं संशोधन सोडून दिलं. आपल्या डब्याबद्दल सांगतो. त्याला इंटरनेट जोडलेलं नाही. चित्र बोर्डावरच तपासलं जातं आणि पुसलं जातं, उरते फक्त वेळ, वाहनाचा प्रकार आणि संख्या. सुरुवातीचं रेकॉर्डिंग आणि शिकवणीची सहाशे चित्रं पोरांसमोर पुसली. गाळप संपलं की डबा उतरवणार. तोवर कुणालाही आत काय आहे ते बघायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर दुकानात या, दाखवतो.

गेल्या आठवड्यात कचेरीत पुन्हा जाऊन आलो. कागदावर "एआय मोजणी" असं लिहिलं होतं. या वेळी बसायला खुर्ची मिळाली, चहासुद्धा आला. त्याच चौकाची, त्याच वाहनांची मोजणी पोरांनी वहीत करून दिली होती तेव्हा दारातनं परत आलो होतो. म्हणून मुद्दाम दोन्ही शेजारी शेजारी जोडलेत, वहीची पानं वर आणि यंत्राचा कागद खाली.

ट्रॅक्टरवाल्यांशी भांडण नाही. निम्मे आपल्याच गावचे आहेत, पैसे टनावर मिळतात, कारखान्यावर नंबर लावून तासन् तास थांबायचं आणि मग खेप भरून काढायला पळायचं. बाहेरच्या रस्त्यानं किती डिझेल जास्त जातं ते त्यांनीच ग्रामसभेत सांगावं, म्हणजे त्यावरही बोलता येईल.

ग्रामसभेआधी एकदा सगळ्यांसमोर पडताळणी करायची आहे. शुक्रवारी चार ते साडेपाच, शाळेच्या कट्ट्यावर. सहा माणसं हवीत, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. ट्रॅक्टरवाल्यांपैकी दोघं असतील तर फारच बरं. वह्या मी आणतो. कोण येणार ते खाली लिहा.