चौथ्या फेरीची थाप

कव्वालीच्या पोस्टरवर कव्वालाचा फोटो असतो, पार्टीचे नाव असते, उर्साची तारीख असते. ढोलकवाल्याचे नाव कुठेच नसते. माझ्या चाचांनी चाळीसेक वर्षे ढोलक वाजविला. गोंदिया, तिरोडा, आमगाव, पलीकडे बालाघाट, डोंगरगड. रात्रभर थाप द्यायची आणि पहाटेच्या गाडीने परत यायचे. आता त्यांच्या बोटांच्या सांध्यांना गाठी आल्या आहेत. चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरतात.

माझा भाचा धुमाल पार्टीत आहे. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना धुमाल ठाऊक नसेल. ढोल, ताशे, बेंजो, कीबोर्ड, पॅड आणि मोठाले स्पीकर असा सारा जथा गाडीवर चढवून मिरवणुकीत वाजवायचे, त्याला पूर्व विदर्भात आणि छत्तीसगडात धुमाल म्हणतात. पीरबाबांचा संदल असो, गणपती-दुर्गेचे विसर्जन असो की लग्नाची वरात, धुमाल सगळ्यांची. त्यात वाजविणारे कोणत्या मोहल्ल्याचे, हे नाचणारा विचारत नाही.

या भाच्याने जुने वापरलेले एक यंत्र विकत आणले. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीचे, २०१७ साली बाजारात आलेले डिजिटॅक्ट. अशा यंत्राला सिक्वेन्सर म्हणतात. समोर सोळा बटणे. ज्या बटणावर ठोका ठेवावा तिथे तो वाजतो, सोळा संपले की पुन्हा पहिल्यापासून. केरव्याच्या आठ मात्रा दोन-दोन घरांत मांडल्या की ओळ भरते. मिरवणुकीच्या लयीत ही फेरी साधारण दोन सेकंदांत संपते. म्हणजे दोन तासांच्या संदलात तेच ते तीन हजार सहाशे वेळा. चाचांनी पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “ये तो धान की मिल है.” गोंदियाच्या माणसाला याहून नेमकी उपमा सुचणे कठीण.

भाचा हसला. म्हणाला, “नाना, अजून अट घातली नाही.”

ही अट म्हणजे काय, ते मी त्याच्याकडून समजून घेतले. प्रत्येक ठोक्याला सांगता येते की तू कधी वाजायचे. एकास चार अशी अट घातली तर तो चार फेऱ्यांतल्या पहिल्या फेरीलाच वाजतो, चारास चार घातली तर फक्त चौथ्या. पन्नास टक्के म्हटले तर दर फेरीला नशिबाचा कौल, वाजला तर वाजला. एका अटीत ठोका फक्त पहिल्याच फेरीत वाजतो आणि मग गप्प होतो. दुसरी अट आधीच्या ठोक्याकडे पाहते, त्याची अट पुरी झाली असेल तरच हा वाजतो. उलटही करता येते, तो चुकला तरच हा.

यात एक साधे गणित आहे. एका ठोक्याला तिसऱ्या फेरीची अट घाला, दुसऱ्याला चौथ्या, तिसऱ्याला पाचव्या. हे तिघे एकाच फेरीत भेटतात ते साठाव्या वेळी. दोन सेकंदांची ओळ पूर्ण उलगडायला दोन मिनिटे लागतात. शाळेतला लसावि असा कानाने ऐकायला मिळेल असे कधी वाटले नव्हते.

मग नाना-नातवाची बैठक सुरू झाली. चाचा सांगत, “बेटा, तीन बार सीधा जाने दे, चौथी बार मार.” भाचा चारास चार घाली. “बायां सुरुवातीला भारी, मग हलका.” भाचा पहिल्या फेरीची अट घाली. “किनार कधी लागते, कधी नाही.” तिथे टक्के. तिहाई अशी की एकच बोल तीनदा घेऊन समेवर यायचे. तिचे तुकडे एकमेकांना बांधले, पहिला आला तरच पुढचे. चाचांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. त्यांच्या बोटांतली विद्या कोणी लिहूनही घेतली नव्हती. ती पहिल्यांदाच कुठेतरी मांडली जात होती, तीही एका स्वीडिश डब्यात.

यंत्राला ताल शिकवायची हौस मात्र नवी नाही. अल-जझारी या कारागिराने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात यांत्रिक वादकांची एक नाव वर्णिली आहे. फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या वादकांचे हात हलवीत. खुंट्यांच्या जागा बदलून ताल बदलता येत असावा, असे काही अभ्यासक मानतात. आणि १९८२ साली मुंबईत चरणजित सिंह यांनी रोलँडची यंत्रे घेऊन दहा रागांची तबकडी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा ती फारशी कोणी ऐकली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झाले. सिंह २०१५ साली गेले.

पण चाचा एका जागी अडले. “शेर पुरा झाला, लोक उठले, कव्वालाने मान हलवली, तेव्हा थाप बदलायची. ती कितव्या फेरीला, ते मी काय सांगू?” भाच्याने एक बटण दाखविले, फिलचे. त्या अटीचे ठोके ते बटण दाबून धरले की वाजतात. यंत्र मोजत राहते, दाबणारा माणूस लागतो. चाचांनी गाठी आलेल्या बोटाने ते दाबून पाहिले. बराच वेळ दाबून धरले.

इथपर्यंत सारे गोड होते. पुढे पोटाचा प्रश्न आला. पार्टीच्या मालकाने यंत्र ऐकले आणि हिशेब केला, की दोन वाजविणारे कमी केले तरी चालेल. त्या दोघांत चाचांचा शागीर्द. बाकीचे दिवस तो हमाली करतो, आणि मंडईचे, लग्नाचे दिवस आले की ढोलकावर घर चालवितो. त्याच्या बोटांतून जी तालीम आली तीच यंत्रात गेली होती, आणि तीच त्याला बाहेर काढणार होती.

भाच्याने मालकाला सांगितले: यंत्र वाजेल, पण शागीर्द राहील, आणि सुपारीतून यंत्राचा वेगळा हिस्सा निघणार नाही. यंत्राने सरळ फेऱ्या सांभाळायच्या, चौथी शागीर्दाची. मालक कुरकुरला, मग या हंगामापुरते कबूल झाला. पुढच्या हंगामाचे कोणी बोलले नाही.

यंत्राला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते सांगाल तितकेच करते. कोणी कधी वाजायचे हे त्याला आपण सांगतो, आणि कोणी घरी बसायचे हेही आपणच ठरवितो. गाडीवरचा ढोलक राहावा असे ज्यांना वाटते, त्यांनी सुपारी देताना एवढे विचारावे, की वाजविणारे किती जण येणार. आमच्याकडे तरी आतापर्यंत कोणी विचारलेले नाही.